कोठार कोणाचे? दुष्काळ, राजे आणि दाण्याचा हिशोब

आजचा विषय तसा कोरडा वाटेल: मध्ययुगाच्या शेवटापासून पेशवाईच्या अखेरपर्यंत धान्यटंचाई आली की राजे लोक काय करत असत. पण हा विषय आपण वसईत बसून बोलतो आहोत, आणि वसईचा या गोष्टीशी अगदी जवळचा संबंध आहे. तो शेवटी येईल. तोवर थोडा धीर धरावा लागेल.

सुरुवातीला दोन शब्द घेऊ. आपल्याकडे शेतकरी आजही म्हणतो, ‘अस्मानी आणि सुलतानी’. अस्मानी म्हणजे आभाळातून येणारे संकट: पाऊस नाही, गारपीट, टोळधाड. सुलतानी म्हणजे राज्यकर्त्याकडून येणारे संकट: फौज, लूट, जुलमी वसुली. आता बघा, या जोडशब्दात एक मोठा विचार दडलेला आहे. आपल्या लोकांनी राजाला दुष्काळाच्या विरुद्ध बाजूला उभे केले नाही. दुष्काळाच्या शेजारी बसवले. राजा तारणारा असू शकतो हे त्यांना माहीत होते, पण अनुभव दोन्ही प्रकारचा होता.

तेव्हा आपला प्रश्न असा आहे. राजा जेव्हा उपाशी माणसाला दाणा देतो, तेव्हा तो काय करत असतो? दया करतो? कर्तव्य करतो? की स्वतःचा हिशोब सांभाळतो? आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे आम्हाला हा प्रश्न आधी दिसतो. पण हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही. उत्तर काय, यावर मदत कोणापर्यंत पोहोचते आणि कोण तिच्याबाहेर राहतो, हे ठरते.

जुन्या शास्त्राचे म्हणणे आधी पाहू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्भिक्षाच्या वेळी राजाने काय करावे याची यादीच आहे. बियाणे आणि अन्न देऊन प्रजेवर अनुग्रह करावा. अन्नाच्या मोबदल्यात दुर्ग किंवा बांधबंधाऱ्यांची कामे काढावीत. आपल्याजवळचे धान्य वाटून द्यावे. मित्रराजाचा आश्रय घ्यावा. आणि एक उपाय असा की ऐकून दचकायला होते: धनिकांचे ‘कर्शन’ करावे, म्हणजे साठा करून बसलेल्यांना पिळून बारीक करावे. राजाच्या कोठारातला निम्मा साठा संकटासाठी राखून ठेवावा आणि निम्मा वापरावा, असेही तो सांगतो. म्हणजे साठा, वाटप, कामाच्या बदली अन्न, श्रीमंतांवर दाब, हे सगळे उपाय आपल्याकडे दोन हजार वर्षांपासून लिहून ठेवलेले आहेत. उपाय माहीत नव्हते म्हणून लोक मेले, असे फारसे कधी झाले नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. महाराष्ट्राच्या आठवणीत दुष्काळाची पहिली मोठी गोष्ट आहे ती दामाजीपंतांची. आपण सगळ्यांनी ती लहानपणी ऐकलेली आहे. मंगळवेढ्याला बिदरच्या बादशहाचे धान्यकोठार, दामाजीपंत तिथले अंमलदार. दुष्काळ पडला, लोक तडफडू लागले, आणि पंतांनी सरकारी कोठार लोकांना मोकळे करून दिले. बादशहाने पकडून आणायला माणसे पाठवली. तेवढ्यात विठ्ठल विठू महाराचे रूप घेऊन दरबारात गेला, धान्याची सगळी किंमत भरली आणि पावती घेतली.

ही कथा आहे, इतिहासाचा कागद नव्हे. पण कथेलाही तिचे म्हणून एक तत्त्वज्ञान असते. नीट पाहिले तर कळते की या कथेत कोठार लोकांचे आहे असे कोणीच म्हणत नाही. दामाजीपंत म्हणत नाहीत, लोक म्हणत नाहीत, आणि प्रत्यक्ष विठ्ठलही म्हणत नाही! देव येतो आणि काय करतो? पै न् पै चुकती करतो. पावतीसुद्धा घेतो. म्हणजे धान्य बादशहाचेच होते, हे देवालाही मान्य. उपाशी माणसाचा त्या धान्यावर हक्क आहे, एवढे म्हणण्याची सोय त्या काळच्या कल्पनेत नव्हती. म्हणून चमत्कार लागला. एका भल्या अधिकाऱ्याला नियम मोडावा लागला आणि त्याला वाचवायला वैकुंठातून कोणीतरी यावे लागले.

पुढचा मुक्काम १६३० ते १६३२. हा दख्खन आणि गुजरातचा महाभयंकर दुष्काळ. शिवाजी महाराजांचा जन्म फेब्रुवारी १६३० चा, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आभाळ फिरले. देहूत तुकाराम महाराजांचे घर वाण्याचे, महाजनकीचे. त्या घराचे दिवाळे निघाले आणि पहिली पत्नी अन्नावाचून गेली, हे त्यांनी स्वतःच आपल्या अभंगांत सांगून ठेवले आहे. विचार करा, ज्याच्या घरी दाण्याचा व्यापार त्याच्या घरी दाणा नाही. मग शेतमजुराच्या, बलुतेदाराच्या घरी काय असेल?

त्या वेळी बादशहा शहाजहान बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता, दख्खनच्या मोहिमेसाठी. मुमताजमहल तिथेच जून १६३१ मध्ये वारली. त्याचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने दुष्काळाचे वर्णन केले आहे, आणि ते दरबारी इतिहासकाराला न शोभावे इतके उघडे आहे. माणसे काय खात होती ते वाचवत नाही. मग बादशहाने काय केले? बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत इथे लंगर उघडले. बुऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये गरिबांना वाटण्याचा हुकूम झाला. वीस सोमवारांत एक लाख रुपये वाटले गेले. अहमदाबादेसाठी आणखी ५०,००० रुपये. आणि खालसा मुलखातल्या साऱ्यात सुमारे ७० लाख रुपयांची सूट.

आकडे मोठे आहेत. पण इथे जरा थांबायला हवे. सोमवारच का? तर तो बादशहाच्या राज्यारोहणाचा वार म्हणून. म्हणजे दान उपाशी माणसाच्या भुकेच्या वेळापत्रकाने होत नव्हते, सिंहासनाच्या वेळापत्रकाने होत होते. दुसरे असे की वाटले गेले ते रुपये. बाजारात धान्य नसेल तर रुपया चावून खाता येत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बुऱ्हाणपुरात बसलेल्या त्या अफाट छावणीचे पोट कशाने भरत होते? त्याच काळात सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेलेला इंग्रज व्यापारी पीटर मंडी याने आपल्या प्रवासवर्णनात रस्त्यावरची प्रेते नोंदवली आहेत, आणि धान्याने लादलेल्या १४,००० बैलांचा बंजाऱ्यांचा तांडाही नोंदवला आहे. एकाच माणसाने दोन्ही पाहिले. धान्य या देशात हलत होते. ते कोणाकडे हलत होते, हा प्रश्न. बंजाऱ्याचा बैल पैशाच्या आणि फौजेच्या दिशेने चालतो. छावणी मोठा दर देते, संरक्षणही देते, आणि गाव काहीच देऊ शकत नाही.

म्हणजे एकाच हाताने लंगर आणि दुसऱ्या हाताने मोहीम. शहाजहानची दया खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. पण दया होती, म्हणूनच ती तोकडी होती. दयेला हिशोब विचारता येत नाही.

आता पुढे, सप्टेंबर १६७६. दक्षिण कोकणातला प्रभावळीचा सुभा. तिथले सुभेदार रामाजी अनंत यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या आशयाचे वाक्य सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याच पत्रातला व्यवहाराचा भाग भाषणांत फारसा येत नाही, आणि आपल्या दृष्टीने तोच मोलाचा. काय आहे त्यात? सुभेदाराने गावोगाव फिरावे. कुणब्यांना गोळा करावे. कोणाजवळ माणूसबळ आहे, बैल आहेत, दाणे आहेत, हे पाहावे. ज्याला बैल नाही त्याला दोन-चार बैलांचे पैसे द्यावेत. ज्याला खायला नाही त्याला खंडी दोन खंडी दाणे द्यावेत. त्याच्याने होईल तेवढे शेत करवून घ्यावे. आणि परतफेड? तर वाढीदिढी नाही, फक्त मुद्दल, तेही हळूहळू, त्याला तवानगी येईल तसे. तवानगी म्हणजे ताकद, उभे राहण्याची शक्ती. ज्याच्याने मागची बाकी भरवणारच नाही त्याची बाकी माफ करून तसे कळवावे. या कामी लाख दोन लाख लारी खर्च झाला तरी चालेल. लारी म्हणजे त्या काळी कोकणात चालणारे चांदीच्या तारेचे नाणे. वसूल धान्यरूपाने घ्यावा, रोख पैशाची सक्ती करू नये, आणि जमा झालेला माल योग्य हंगाम पाहून विकावा, असेही त्यात आहे.

आता हे पत्र दुष्काळ पडल्यावर लिहिलेले नाही. मग आपण ते इथे का आणले? कारण टंचाईवरचा खरा उपाय टंचाई येण्याआधी करायचा असतो, हे त्यात दिसते. सक्तीने रोख वसुली झाली की काय होते ते बघा. कुणब्याला सुगीतच धान्य विकावे लागते, तेव्हा भाव पडलेला असतो. पावसाळ्यात तोच कुणबी दुप्पट भावाने किंवा दिढीने तेच धान्य परत घेतो. एका वर्षी पाऊस चुकला की गडी बसला. रोखीची सक्ती काढली आणि दिढी काढली, तर दुष्काळाचे अर्धे दात तिथेच पडतात.

दामाजीपंत आणि रामाजी अनंत यांना शेजारी ठेवून पाहा. दोघेही मधले अधिकारी. वर राजा, खाली रयत. दामाजीला विठ्ठल लागला, रामाजीला कागद मिळाला. खर्च करण्याची, बाकी सोडण्याची लेखी मोकळीक आधीच हातात. इथे चमत्कार बाद होतो आणि कारभार सुरू होतो. राज्यसंस्थेच्या इतिहासात ही पायरी लहान नाही.

पण आपण भाबडेपणाही करायचा नाही. त्याच पत्रात उद्देश स्पष्ट आहे. पडजमीन लागवडीस आणावी, वसूल वाढवून दाखवावा. म्हणजे यात राज्याचा फायदा आहे. कांटच्या तराजूत हे शुद्ध नैतिक कृत्य ठरणार नाही. आम्हाला वर्गात मुले विचारायची, मग यात मोठेपणा काय? याचे उत्तर असे की राजाचा फायदा आणि कुणब्याचे पोट एकाच दाव्याला बांधले गेले. राजाचे मन बदलले तर दया आटते. वसुलाची गरज मात्र दरवर्षी येते, आणि तिच्यासाठी कुणबी जिवंत, धडधाकट लागतो. उपाशी माणसाच्या दृष्टीने कोणता दोर जास्त भरवशाचा, हे तुम्हीच ठरवा.

मराठी कारभारात या उपायांची पुढे नावेच रूढ झाली. तगाई म्हणजे बी-बियाणे, बैल, विहिरीसाठी दिलेली उचल. इस्तावा म्हणजे पडीक जमिनीवर पहिली वर्षे कमी सारा आणि पुढे चढत जाणारा. कौल म्हणजे परागंदा झालेल्या रयतेला ‘परत या, त्रास होणार नाही’ असे अभयाचे वचन. सूट म्हणजे साऱ्यात माफी. आणि गडावरचे अंबारखाने. पन्हाळ्यावरच्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्या आजही उभ्या आहेत. गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावे असे सांगतात. खंडी म्हणजे वीस मण. पण अंबारखाना मुख्यतः कोणासाठी? गडाच्या शिबंदीसाठी, वेढ्याच्या दिवसांसाठी. गावचे कोठार म्हणजे गावातले पेव, जमिनीत खणलेले, आणि ते ज्याचे त्याचे. ज्याच्याकडे पेव नाही त्याला पाटील, वाणी आणि देव.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात साहुकारांवर वेगळे प्रकरण आहे. साहुकार राज्याची शोभा, त्यांच्यामुळे न मिळणारी वस्तू राज्यात येते, संकटात कर्ज मिळते, म्हणून त्यांना जपावे. कौटिल्य म्हणतो धनिकांना पिळा, अमात्य म्हणतात साहुकाराला सांभाळा. एकात बाजार संशयित आहे, दुसऱ्यात आधार. हा वाद आपल्यापुरता नव्हता. इंग्लंडमध्ये १५८७ पासून राजाज्ञेने न्यायाधीश साठ्यांची झडती घेत आणि धान्य बाजारात आणायला लावत. चीनमध्ये छिंग राजवटीने जिल्ह्याजिल्ह्यांत ‘सदा समान’ कोठारे ठेवली होती. स्वस्ताईत घ्यायचे, महागाईत विकायचे. फ्रान्समध्ये १७७४ साली तुर्गोने धान्यव्यापार मोकळा केला आणि पुढच्याच वर्षी पिठासाठी दंगे झाले.

आपल्याकडे १७९२ च्या सुमारास पाऊस गेला तेव्हा पुणे दरबाराने साऱ्यात मोठी सूट दिली, धान्य बाहेर नेण्यास बंदी केली आणि विक्रीचा भाव बांधून दिला. तिन्ही उपाय एकदम. निर्यातबंदीने राजधानी वाचते, पण शेजारचा प्रांत? भाव बांधला की शहरातल्याला दिलासा, पण वाणी धान्य बाहेर काढेल का? आणि सूट कोणाला? ज्याच्या नावावर सारा आहे त्याला. तगाई कोणाला? ज्याच्याकडे जमीन आहे त्याला. सारा ज्याला नाही, त्याला सूट कशाची देणार? मोलकरी, डोंगरातला वारली, कातकरी, गावकुसाबाहेरचा महार-मांग, यांचे नाव या सगळ्या उपायांच्या वहीत नाही. राजाचा हिशोब वसुलाच्या दोराने बांधलेला होता म्हणून भरवशाचा होता, असे आपण आत्ताच म्हटले. त्याच हिशोबाची दुसरी बाजू ही. ज्याच्याकडून वसूल येत नाही तो हिशोबातच नाही.

आता वसई. इथली जमीन भाताची, आणि खाडीकाठची खारजमीन तर बांधावर जगणारी. बांध फुटला, भरतीचे पाणी आत आले, की ते शेत काही वर्षे हातचे गेले. म्हणजे इथे धान्यसंरक्षण म्हणजे कोठाराआधी बांध. सत्ता कोणाचीही असो, बांध तिच्या लक्षातून सुटला तर सारा सुटला. १५३४ पासून १७३९ पर्यंत इथे पोर्तुगीज होते. त्यांच्या गोव्याची गंमत अशी की राजधानीचे पोट कानडा किनाऱ्यावरच्या, बसरूर-होन्नावर-मंगळूरच्या तांदळावर. तह, तांदूळ आणि तोफा एकाच माळेत. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी घेतली. वसईचा किल्ला पडला १७३९ च्या मे महिन्यात. आधी भाताची खाचरे गेली, मग बुरूज गेला.

त्यानंतर त्रेसष्ट वर्षांनी याच वसईत दुसरी घटना घडली. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव कोकणात उतरले, समुद्रमार्गाने वसईला आले, आणि ३१ डिसेंबर १८०२ ला इथे इंग्रजांशी तह झाला. तहाने काय ठरले ते शाळेत शिकवतात: तैनाती फौज, किमान सहा हजार पायदळ, तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख. पण एक कलम शाळेत येत नाही. त्या तहात धान्याचाही उल्लेख आहे. तैनाती फौजेला लागणारे धान्य, खाण्यापिण्याचे जिन्नस, कापडचोपड, जनावरे यांना जकात पूर्ण माफ!

जकातमाफी म्हणजे टंचाईच्या काळातले जुने, चांगले हत्यार. धान्य नाक्यानाक्यावर अडू नये, स्वस्त पोहोचावे, यासाठीचे. ते हत्यार वसईच्या तहात आहे, पण रयतेसाठी नाही, छावणीसाठी आहे. पुढच्याच वर्षी, १८०३-०४ मध्ये, फौजांनी तुडवलेल्या आणि लुटलेल्या पुणे-अहमदनगरच्या मुलखात भीषण दुष्काळ पडला. आधी सुलतानी, मागोमाग अस्मानी. उपाशी लोकांचे लोंढे घाट उतरून मुंबईकडे आले. तिथे गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या सरकारने बाहेरून धान्य आणवले आणि लोकांना जेवू घातले. म्हणजे पेशव्यांची रयत जगण्यासाठी पेशव्यांच्या राज्याबाहेर गेली. सार्वभौमत्व तहाच्या सहीने गेले असे आपण म्हणतो. आमच्या मते ते घाटातल्या त्या पायवाटेवरही गेले. जो राजा आपल्या माणसाला दाणा देऊ शकत नाही, त्याचे राज्य कागदावर किती दिवस राहणार?

आणि ज्या कंपनी सरकारने १८०३ मध्ये जेवू घातले, त्याच्याच वारसांनी १८७६-७७ च्या दुष्काळात बाजारात हात घालायला नकार दिला आणि रिचर्ड टेंपलसाहेबांनी कामावरच्या माणसाची मजुरी दिवसाला पौंडभर धान्यावर आणली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध लिहून लिहून सरकारला जाब विचारला. हा जाब विचारणे नवीन होते. दामाजीच्या कथेत असा जाब विचारणारे पात्रच नव्हते.

१९७२ चा दुष्काळ इथे बसलेल्या पुष्कळांना आठवत असेल. सुकडी, मिलो, खडी फोडण्याची कामे. त्यातून १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला. काम मागण्याचा हक्क, आणि तो सातबाऱ्यावर नाव नसलेल्यालाही. कौटिल्याचेच ‘कामाच्या बदली अन्न’, पण वाक्याचा कर्ता बदलला. तिथे ‘राजाने द्यावे’, इथे ‘मजुराने मागावे’. दोन हजार वर्षांत उपायात फार फरक पडला नाही. फरक पडला तो क्रियापदात.

तर कोठार कोणाचे? बादशहाचे म्हणाल तर दया मिळेल, तीही सोमवारी. सारा भरणाऱ्याचे म्हणाल तर तगाई मिळेल, पण वहीत नाव असेल तर. उपाशी माणसाचे म्हणाल, तरच विठ्ठलाला पावती घेऊन यावे लागणार नाही. मात्र कायदा झाला म्हणून हे उत्तर कायमचे मिळाले असे समजू नका. मस्टरवर नाव लागत नाही, मजुरी महिनोन्‌महिने येत नाही, रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही, असे ऐकू आले की समजावे, तो मजूर पुन्हा वहीच्या बाहेर ढकलला जातो आहे. तेव्हा कोणीतरी जाब विचारायला हवा. तो विचारणारे आता आपण आहोत.

इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.